अंगावरचं दूध अचानक तोडावं लागलं तर: डबा कोणता हा शेवटचा प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला, तिचा मुलगा साडेचार महिन्यांचा असताना, हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. मानेत गाठ होती, आम्हाला वाटलं बाळंतपणानंतरचं काहीतरी थायरॉइड वगैरे असेल, मग बायोप्सी झाली आणि तिथून पुढे सगळं भराभर. पहिल्या केमोची तारीख मिळाली ती बरोबर नऊ दिवसांनंतरची. आणि बाळ तोपर्यंत फक्त अंगावर, दिवसरात्र मिळून आठ वेळा, बाटलीचं तोंडही न बघितलेलं. त्या दिवसापासून घरात जेवढे फोन आले ते सगळे एकाच प्रश्नाचे, पावडरच्या दुधाचा डबा कुठला आणलात? अमका आणा, तमका नको त्याने शी कडक होते, आमच्या मुलाला तर हाच दिला बघ आता केवढा झालाय. मी मावशी, सुट्टी टाकून तिच्याकडेच जाऊन राहिले होते, रात्री दोनचं दूध माझ्या वाटणीला होतं, त्या पंधरवड्यात मी जे काही शिकले त्यात डबा कुठला हा प्रश्न अगदी शेवटी येतो. आधी दोन प्रश्न, दूध खरंच तोडायचंय का आणि तोडायला दिवस किती आहेत.

खरंच तोडायचंय का हे आधी अशासाठी की आपल्याकडे बाळंतीण आजारी पडली की घरातले सगळ्यात पहिलं काय बंद करत असतील तर बाळाचं अंगावर पिणं. "तुझा ताप उतरेल दुधातून त्याच्यात." नाही उतरत. साधा व्हायरल, फ्लू, कोविड, डेंगू, टायफॉइड, ह्यातल्या कशातही दूध बंद करायचं नसतं, आईला ताप यायच्या आधीपासूनच बाळ तिच्या कुशीत असतं, जे काही लागायचं ते तेव्हाच लागून गेलेलं असतं, उलट त्या आजाराविरुद्ध आईचं शरीर ज्या अँटीबॉडी तयार करतं त्या दुधातून बाळाला मिळत असतात. स्तनाला सूज येऊन ताप आला, म्हणजे मॅस्टायटिस, तरी पाजत राहायचं, दूध आतच साठून राहिलं तर दुखणं वाढतं. टीबी असला तर आईने मास्क लावायचा, गोळ्या नियमित घ्यायच्या, बाळाला प्रतिबंधाचं औषध द्यायचं आणि पाजायचं. हिपॅटायटिस बी असेल तर जन्मल्याबरोबर बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, दिलं की पाजता येतं. एचआयव्हीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज, भारतातली सरकारी गाइडलाइनसुद्धा आई रोज एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजायला परवानगी देते, त्यात धोका वाढतो तो अर्धं अंगावरचं आणि अर्धं वरचं असं केल्याने. ऑपरेशन झालं तर भूल उतरून आई नीट भानावर आली की पाजू शकते, सीटी किंवा एमआरआयचं कॉन्ट्रास्ट दिलं तरी सहसा थांबावं लागत नाही.

मग कधी थांबावंच लागतं? केमोथेरपी हे पहिलं कारण. थायरॉइड कॅन्सरनंतर देतात ते रेडिओॲक्टिव्ह आयोडीन हे दुसरं, आणि तिथे तर डोसच्या साधारण सहा आठवडे आधीच पाजणं बंद करायला सांगतात कारण दूध तयार करणारे स्तन स्वतःच आयोडीन ओढून घेतात. शिवाय मेथोट्रेक्सेट, हृदयाच्या ठोक्यांसाठी देतात ते ॲमिओडॅरोन अशी मोजकी औषधं. बाकी औषधांचं म्हणाल तर बहुतेक औषधं दुधात उतरतात ती इतकी थोडी की बाळाला फरक पडत नाही, आणि जिथे पडतो तिथे बरेचदा दुसरं औषध असतं, म्हणजे दुखण्यावर ट्रॅमाडॉल किंवा कोडीनऐवजी पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन. लॅक्टमेड नावाचा अमेरिकन सरकारी डेटाबेस आहे, फुकट आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की दुधात किती उतरतं आणि बाळावर काय परिणाम नोंदवलेत ते सगळं येतं. तो वाचून स्वतःच निर्णय घ्या असं मी म्हणत नाहीये पण डॉक्टर "दूध बंद करा" म्हणाले की तीन गोष्टी विचारायच्याच: नक्की कुठल्या औषधामुळे, त्याऐवजी दुसरं चालेल का, आणि कायमचं बंद का काही दिवसांपुरतं. काही दिवसांपुरतं असेल तर दूध आटू द्यायचं नसतं, दिवसातून सातआठ वेळा पंपाने काढून टाकून द्यायचं म्हणजे नंतर परत पाजता येतं. जीव तुटतो ते सिंकमध्ये ओतताना, पण तेवढंच.

बहिणीला केमो दर दोन आठवड्यांनी होती, म्हणजे एका डोसचं औषध जातंय तोवर दुसरा आलाच. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पहिल्या सलाइनच्या आधीपर्यंत पाज, नंतर नाही. मधे पेट स्कॅन होता (किरणोत्सारी औषध टोचून कॅन्सर कुठे कुठे आहे ते बघतात तो), त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाळाला जवळच घेऊ नको म्हणाले, कारण स्कॅनचं ते औषध दुधात फारसं जात नाही पण तिच्या अंगातूनच थोडं रेडिएशन निघत असतं. सकाळी निघायच्या आधी काढून ठेवलेलं दूध होतं, ते दिवसभर पुरवून पुरवून वापरलं.

आता दिवस किती हा प्रश्न बाळाइतकाच आईसाठी असतो हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. दूध कसं बनतं तर मागणी तसा पुरवठा. बाळ ओढतं, मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं, दूध बनतं. आणि स्तन भरलेलेच राहिले की दुधातलाच एक घटक आतल्या पेशींना सांगतो, पुरे, कमी करा. म्हणून हळूहळू तोडलं तर कारखाना आपोआप मंदावतो, पण एका दिवसात तोडलं तर बनवणं चालूच आणि उचल बंद, छाती दगडासारखी होते, गाठी होतात, त्यातून सूज, इन्फेक्शन, पू. एरवी दोनतीन दिवसांनी एक फीड कमी करा असं सांगतात, म्हणजे आठ फीडना दोनतीन आठवडे लागले असते. आमच्याकडे नऊ दिवस. त्यामुळे रोज एक फीड. आणि घाई करायचं आणखी एक कारण होतं जे कॅन्सर विभागातल्या नर्सने सांगितलं, केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, त्या वेळी स्तनात इन्फेक्शन झालं तर साधा मॅस्टायटिससुद्धा भारी पडू शकतो, तेव्हा दूध शक्यतो आधीच आटलेलं बरं. १००.४ च्या वर ताप गेला तर रात्र असो का दिवस, सरळ हॉस्पिटल.

सुरुवात दुपारच्या फीडपासून केली, कारण त्या वेळी बाळ फार झोपाळलेलं नसतं आणि फार भुकेलेलंही नसतं. झोपतानाचं आणि पहाटेचं सगळ्यात शेवटी. छाती ठणकायला लागली की ती हाताने थोडंसं काढायची, हायसं वाटेल एवढंच, रिकामी करायची नाही, कारण रिकामी केली की शरीराला वाटतं मागणी आहे. थंड पाण्याचा फडका, पॅरासिटॅमॉल, आणि आधार देणारी पण न आवळणारी ब्रा. सासूबाईंनी जुन्या पद्धतीने फडक्याने करकचून बांधायचं काढलं होतं, ते नका करू, त्याने गाठी वाढतात. दक्षिणेत मोगऱ्याची फुलं छातीला बांधून दूध आटवतात म्हणे, आणि गंमत म्हणजे त्यावर डॉक्टरांनी ब्रोमोक्रिप्टिन ह्या दूध आटवायच्या जुन्या गोळीशी तुलना करून खरोखर अभ्यासही केलेला आहे. बहिणीची गोळी म्हणजे कॅबरगोलिन, प्रोलॅक्टिन खाली आणते. ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची नाही, बीपी, हृदय, मनाची अवस्था हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. बहिणीला सहाव्या दिवशी दिली. तरी पुढे आठवडाभर शेजारच्यांचं बाळ रडलं तरी हिचा गाऊन ओला व्हायचा. आणि एक, दूध एकदम तुटलं की हार्मोन खाली येतात आणि मन पण येतं, ती सातव्या दिवशी दुपारभर नुसती रडत होती, आम्हाला वाटलं कॅन्सरचं टेन्शन, ते होतंच, पण त्यात हेही होतं.

आता बाळ. पहिल्या दिवशी बाटली तिने तोंडाजवळ नेली आणि त्याने मान फिरवली, दुसऱ्यांदा नेली तर भोकाड. साहजिक आहे, आईच्या अंगाला दुधाचा वास येतोय, खरं जेवण एक वीत लांब आणि तोंडात काय तर रबर. पहिले काही दिवस बाटली आईने द्यायचीच नसते, आईने खोलीतसुद्धा थांबू नये. तिला बाहेर गॅलरीत बसवली, मी तिचा वापरलेला दुपट्टा खांद्यावर घेतला, आणि मांडीवर जरा उठतं धरून बाटली आडवी ठेवून द्यायचा प्रयत्न केला, ओतायची नाही, त्याला ओढू द्यायचं आणि मधेमधे थांबायचं. दीड दिवस हे नाटक चाललं. शेवटी त्याने घेतलं ते बारशाला आलेल्या चांदीच्या बोंडल्यातून, जे आम्ही शोकेसमध्ये ठेवून दिलं होतं! खालच्या ओठावर चोच टेकवायची, थोडं तिरकं करायचं, त्याने जीभ बाहेर काढून चाटून घेतलं, मग आणखी, मग हात पाय नाचवत पूर्ण बोंडलं. आपल्याकडचे डॉक्टर तसेही बाटलीपेक्षा वाटी चमचा किंवा बोंडलंच सुचवतात, कारण त्याला खाचाकोपरे नसतात, घासायला सोपं, दहा मिनिटं उकळलं की झालं. बाटलीच्या निपलच्या आतल्या कडेला दुधाची जी पांढरी रेघ बसते ती नखानेसुद्धा निघत नाही, जुलाब सुरू होतात ते तिथून.

चव बदलायला आम्ही अजून एक केलं. आधीच्या दिवसांत तिने थोडंथोडं काढून ठेवलेलं दूध होतं, ते वापरलं, पहिल्यांदा तीन भाग आईचं एक भाग पावडरचं, मग निम्मं निम्मं, मग उलटं. ह्यात एक चूक लोक करतात, पावडर सरळ आईच्या दुधात ढवळतात. तसं नाही, पावडर आधी तिच्या मापाच्या पाण्यातच कालवायची आणि मग ते तयार दूध आईच्या दुधात घालायचं, नाहीतर फार दाट होतं. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस असा साधारण हिशेब, उन्हाळ्यात मी चार तासही वाट बघितली नाही.

आणि वरचं दूध? म्हणजे गाईचं, अर्धं पाणी घालून साखर टाकून? हा सल्ला तर आजीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी दिला, आमची पोरं काय मेली का त्याच्यावर. असं बघा, आईच्या १०० मिली दुधात प्रोटीन साधारण १ ग्रॅम, गाईच्यात ३ च्या वर, म्हशीच्यात अजून जास्त. बाळाच्या किडनीला ते झेपत नाही, शिवाय त्यात लोह जवळजवळ नसतंच. पाणी घातलं की प्रोटीन उतरतं पण त्याबरोबर बाकीचं सगळंच उतरतं, लोह तर मुळातच नव्हतं. एक वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून गाईम्हशीचं नाहीच. फॉर्म्युला म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा गाईचंच दूध, पण प्रोटीन कमी केलेलं, फॅट बदललेलं, लोह आणि व्हिटॅमिनं घातलेलं. आईच्या दुधातल्या अँटीबॉडी आणि जिवंत पेशी त्यात येत नाहीत, त्या कुठल्याच डब्यात येत नाहीत, कितीही महाग घ्या.

म्हणूनच डबा कुठला ह्याला मी फार किंमत देत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या फॉर्म्युल्यांना एफएसएसएआय ह्या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २०२० चे नियम पाळावे लागतात, मूळ घटक किती असायचे ते ठरलेलं आहे. सहा महिन्यांखाली असेल तर स्टेज १ लिहिलेला घ्यायचा, सोयाचा, लॅक्टोज फ्री वगैरे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, आणि महिनाभर परवडेल असा घ्यायचा. सहा किलोच्या बाळाला किलोमागे १५० मिली धरलं तर दिवसाला ९०० मिली, म्हणजे साधारण १३० ग्रॅम पावडर, ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत खल्लास. एमआरपी बघा आणि दहाने गुणा. (९०० हा अंदाज, बाळाने ६०० घेतलं आणि खेळतंय तर कोंबायचं नाही.) डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो का नसतो हे मला तेव्हा कळलं, १९९२ चा कायदा आहे आपल्याकडे, बाळदुधाची जाहिरात, फुकट सॅम्पल, आईबाळाचे फोटो सगळ्याला बंदी. चांगला कायदा आहे, फक्त त्याचा साइड इफेक्ट असा की ज्या आईला खरंच गरज आहे तिलाही मोकळेपणाने कुणी दूध कसं करायचं ते सांगत नाही, सगळे नुसते "आईचं दूधच सर्वोत्तम" म्हणतात. अगं हो, माहितीये.

दूध कसं करायचं हा खरा मुद्दा. पावडर निर्जंतुक नसते, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले होते. त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो, क्वचित, पण दोन महिन्यांखालच्या किंवा दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. डब्यावर बरेचदा पाणी उकळून कोमट करून घ्या असं असतं, पण डब्ल्यूएचओ सांगतं की पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घाला म्हणजे जंतू मरतात, आणि मग भांडं गार पाण्यात धरून निववा. एक लिटर पाणी उकळलं तर अर्ध्या तासाच्या आत, छोट्या पातेल्यात असेल तर त्याहून बरंच लवकर. आरओचं असलं, बिसलरीचं असलं तरी उकळायचंच. आधी पाणी मापायचं, मग पावडर. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर पुढच्या फीडला नाही, टाकून द्यायचं. उघडलेला डबा महिनाभरच.

आणि तो चमचा! आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, शीग काढायची नाही, दामटून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. सातव्या का आठव्या रात्री चमचा सिंकच्या जाळीत गेला, आणि बहिणीच्या नणंदेने न्यूजर्सीहून पाठवलेला एक डबा घरात होता, मी त्यातला चमचा घेतला आणि आपल्या पावडरला वापरला. तिकडचा चमचा असतो ६० मिलीचा. दोन फीड दुप्पट दाट गेली, बाळ चिडचिडं, सारखं ओठ चाटतंय, सकाळी डायपर जवळजवळ कोरडा, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाळाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले योग्य मापाने लगेच चालू करा, दर शूची वेळ लिहून मला पाठवा, मरगळला तर घेऊन या. दुपारपर्यंत रुळावर आलं. दाट दुधाने शरीरातलं पाणी कमी होतं, सोडियम वाढतं. आणि आजी लोक करतात ते पातळ दूध, "एवढं दाट पचायचं नाही गं त्याला", त्याने पोट भरतं पण वजन वाढत नाही आणि फार पातळ झालं तर सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. आता ज्या डब्याचा चमचा त्या डब्यातच, मी मार्करने डब्यावर लिहून ठेवलं होतं, ३० ला १, सगळ्या घरासाठी.

शी बदलते, त्याला घाबरू नका. अंगावरच्या बाळाची पिवळी पातळ, कधी दिवसातून पाच वेळा कधी पाच दिवसांतून एकदा, फॉर्म्युल्यावर ती घट्ट होते, तपकिरी हिरवट होते, वासही येतो. दोन फीडमधलं अंतर वाढतं कारण पचायला वेळ लागतो. घाबरायचं ते अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला, सारख्या उलट्या, शीत रक्त, कारण गाईच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी काही बाळांना असते आणि ती पहिल्यांदा अशाच वेळी कळते. चोवीस तासांत सहापेक्षा कमी शू झाली किंवा बाळ नुसतंच पडून राहायला लागलं तर फोनची वाट न बघता दाखवायचं. कडक शीवर मध, घुटी, ग्राइप वॉटर काही नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. आणि केमो चालू असलेल्या घरात बाळाच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना तसं सांगा, तोंडावाटे देतात त्या पोलिओ आणि रोटाच्या लसीतला विषाणू काही दिवस, कधी काही आठवडेसुद्धा, शीतून बाहेर पडतो, आईने त्या दिवसांत डायपर न बदललेलाच बरा.

मांडीवर घेणं, पापी घेणं, कुशीत झोपवणं ह्यातलं काही केमोने बंद होत नाही, हे तिला तीनदा सांगावं लागलं. पहिल्या केमोनंतर दोन दिवस ती मळमळीनेच पडून होती. दूध पुरतं आटल्यावर, तेराव्या दिवशी संध्याकाळी, तिने स्वतःच बोंडलं मागितलं. मी दूध करून दिलं आणि सवयीने तिला म्हणाले तू बाहेर जा, ती म्हणाली तूच जा. गॅलरीतून ऐकत होते, आधी कुरकुर, मग त्याची ती चुळुक चुळुक, आणि मग तिचा आवाज, अगं पुरलं नाही ह्याला, अजून साठ मिली कर.